लेमन बाम: दहा महिन्यांच्या वापरानंतर

लेमन बाम म्हणजे लिंबाच्या वासाचं, पुदिन्यासारखं दिसणारं एक झाड. गेल्या नोव्हेंबरात त्याचं बी पेरलं, आता सप्टेंबर चालू आहे. पुण्यात आमची गॅलरी पूर्वेला. सकाळी दहापर्यंत ऊन, मग सावली. लेमन बामला हे अगदी मानवलं.

बी मोहरीपेक्षाही बारीक. पहिल्या खेपेला मी ते मेथीसारखं मातीआड केलं आणि तीन आठवडे काहीच उगवलं नाही. त्याला रुजायला उजेड लागतो. दुसऱ्यांदा ओल्या मातीवर नुसतं भुरभुरलं, हलक्या हाताने दाबलं. बाराव्या दिवशी हिरवे ठिपके दिसले. पान पुदिन्यासारखं, कडा कातरलेल्या, खोड चौकोनी. पुदिना आणि तुळस याच्याच कुळातली. शास्त्रीय नावातल्या 'मेलिसा'चा ग्रीकमध्ये अर्थ मधमाशी, तिला याची फुलं फार आवडतात. माझ्याकडे अजून फुलं आलेली नाहीत, कारण मी शेंडे सतत खुडते.

एप्रिलमध्ये गॅलरी धुताना कुंडी कठड्यावर ठेवली आणि तिथेच राहिली. दोन दिवसांच्या कडक उन्हात पानं करपली. फार वाईट वाटलं. चार बोटं ठेवून सगळं छाटलं, सावलीत नेलं. दोन आठवड्यांत बुडातून पालवी फुटली. पावसाळ्यात मात्र दाटी होऊन खालची पानं काळी पडतात, तेव्हा आतल्या फांद्या काढून वारा खेळता ठेवावा.

स्वयंपाकघरात सगळ्यात मोठी चूक म्हणजे याला गवती चहा समजणं. लिंबाचा वास दोघांत सिट्राल या सुगंधी घटकामुळेच येतो, पण गवती चहा उकळी सोसतो, हा नाही. सासूबाईंनी पानं दुधाच्या चहात खळखळून उकळली, तर हाती नुसता पाल्याचा वास आला. आता मी आधण उतरवते, दहा-बारा पानं चुरडून टाकते आणि लगेच झाकण ठेवते. सात-आठ मिनिटांनी झाकण उचललं की लिंबाच्या सालीचा, किंचित मधाळ वास नाकात शिरतो. दूध घालायचं नाही. काकडीच्या कोशिंबिरीत बारीक चिरून छान लागतो, पण लिंबू पिळावंच लागतं. पानात आंबटपणा अजिबात नसतो. वाळवलेल्या पानांनी माझी निराशा केली, वास निम्माही उरला नाही. त्यापेक्षा बर्फाच्या ट्रेमध्ये पाण्यासोबत गोठवावीत, सरबतात कामी येतात.

थायरॉइडची गोळी चालू असेल, तर रोज पिण्याआधी डॉक्टरांना विचारा.

सध्या ओट्यावर पाण्याच्या ग्लासात दोन फांद्या मुळं धरताहेत. एक शेजारच्या काकूंची. त्यांची गॅलरी पश्चिमेला आहे, म्हणून कुंडी त्यांच्या जिन्यातल्या खिडकीत ठेवायचं ठरलंय.