वरचा मजला की खालचा?
शांत वसाहतीतल्या आलिशान टॉवरमध्ये फ्लॅट घ्यायचा म्हटलं की नजर थेट तिसाव्या मजल्याकडे जाते. उजेड, वारा, मोकळं आकाश. त्यात वाद नाही. पण वर जास्त शांतता असते, हे सरसकट खरं नाही. खाली शेजारच्या इमारती आवाज अडवतात. वर तो आडोसा संपतो आणि लांबच्या हायवेची घरघर सरळ बाल्कनीत येते. म्हणून फ्लॅट रात्रीही पाहा, खिडकी उघडून जरा वेळ गप्प उभे राहा.

चौथ्या-पाचव्या मजल्यावर झाडांचे शेंडे खिडकीशी येतात. लिफ्ट बंद पडली तरी जिना आवाक्यात असतो. आगीचा विचार तर आधी करावा: अग्निशमन दलाच्या नेहमीच्या शिड्या साधारण ३० मीटरपर्यंतच पोहोचतात. त्याहून वर सगळी भिस्त स्प्रिंकलर (आग लागली की छतातून पाणी फवारणारी यंत्रणा) आणि आगीपासून सुरक्षित जिन्यावर, तेव्हा ते चालू आहेत का, हे स्वतः बघा.

पाण्याचा दाब दर १० मीटर उंचीला साधारण १ बारने (बार म्हणजे दाब मोजायचं एकक) बदलतो. पंप आणि व्हॉल्व्ह नीट असतील तर दोन्हीकडे अडचण नाही.

घरात म्हातारं माणूस किंवा तान्हं बाळ असेल, तर मी डोळे झाकून खालचा घेईन.