आठ पॅनेलचा घडीचा पिंजरा: जुन्या कोंबड्यांत नवी पिल्लं सोडताना कितपत कामाचा?

ऑनलाइन ‘पेट प्लेपेन’ नावाने मिळणारा हा लोखंडी पिंजरा मुळात कुत्र्याच्या पिल्लांसाठी असतो. परसातल्या कोंबड्यांसाठी तो घेण्यासारखा आहे, पण 36 इंच उंचीचाच घ्या. 24 इंचांचा स्वस्त पडतो. मात्र देशी कोंबडी तेवढ्या उंचीवर जागच्या जागी उडी मारून चढते.

महिनाभराची पिल्लं जुन्या कोंबड्यांत एकदम सोडली की कोंबड्या त्यांच्या डोक्यावर टोचतात, आणि एकदा रक्त दिसलं की सगळ्याच त्या पिल्लावर तुटून पडतात. म्हणून 10 ते 14 दिवस दोघांनी एकमेकांना नुसतं बघावं, चोच पोचू नये, अशी सोय लागते. डालग्याखाली पिल्लं दुपारपुरती ठीक राहतात. दिवसभर ठेवली तर आत जागा पुरत नाही, खाद्य-पाणी सांडतं आणि उकडतं. या पिंजऱ्याचा खरा फायदा तिथे आहे.

प्रत्येक पॅनेल 2 फूट रुंद असेल तर आठही जोडून चौकोन केल्यावर आत 16 चौरस फूट जागा मिळते. तोच पिंजरा कंपाउंडच्या भिंतीला लावून 2, 4, 2 असा मांडला की 8 बाय 4, म्हणजे 32 चौरस फूट होतात. आठ-दहा पिल्लांना एवढं भरपूर झालं. भिंतीची बाजू पश्चिमेला आली तर दुपारनंतर सावलीही मिळते.

आता उणिवा. उभ्या सळ्यांमध्ये साधारण दीड इंचाची फट असते. त्यातून तीन-चार आठवड्यांचं पिल्लू बाहेर येतं आणि साप आत जातो. खालच्या फूटभर उंचीला अर्ध्या इंचाची वेल्डमेश बांधायलाच हवी. भिंतीला लावून मांडला तर 16 फूट जाळी पुरते. दर सहा इंचांवर बाइंडिंग तारेने आवळा आणि तारेची टोकं बाहेर वळवा, नाहीतर पिल्लांचे पाय फाटतात. पिंजऱ्याला छप्पर नाही, म्हणजे घार आणि कावळ्याला रान मोकळं. वरून नायलॉनचं जाळं ताणून बांधा. सोबत येणाऱ्या खुंट्या जांभ्यात वाकतात आणि पावसाळी काळ्या मातीत सैल होतात. त्याऐवजी 12 मिमीच्या दोन फुटी सळया फूटभर ठोका. एवढं करूनही रात्री पिल्लं बंद खुराड्यात हलवा. मुंगूस आणि मांजराला हा पिंजरा अडवत नाही.

दार हा या पिंजऱ्याचा सगळ्यात चांगला भाग. दोन आठवडे झाले की संध्याकाळी, अंधार पडायच्या तासभर आधी, पिल्लं बाहेर सोडायची. तेव्हा मोठ्या कोंबड्या चरण्यात गुंतलेल्या असतात. सोडताना निदान तीन पिल्लं तरी सोबत हवीत, एकटं पिल्लू हमखास मार खातं. त्यानंतर दाराला साखळी लावून ते फक्त 4 इंच उघडं ठेवा. पिल्लू पळत आत शिरतं, मोठी कोंबडी बाहेर अडते. गिरिराजसारखी अंगाने भरलेली जात असेल तर 5 इंच लागतात, पण तेवढ्यातून एखादी सडपातळ देशी कोंबडीही घुसते. अशा वेळी वेगळी चौकट करून घेतलेली बरी. चौकोनी मांडणीत कोपरे धोक्याचे, कोंबडी आत शिरलीच तर पिल्लू तिथे अडकतं. प्रत्येक कोपऱ्यात एक फळी तिरकी टेकवली की तिच्यामागून पळायला वाट राहते.

खाद्याचा प्रश्न पिंजरा सोडवत नाही. लेयर खाद्यात, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांच्या खाद्यात, साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम असतं, पिल्लांना एक टक्क्याच्या आसपास पुरतं. जादा कॅल्शियमने त्यांची मूत्रपिंडं खराब होतात. पिल्लं बाहेर फिरू लागली की सगळ्यांना ग्रोअर (वाढत्या पिल्लांचं) खाद्य द्यावं आणि अंड्यावरच्या कोंबड्यांसाठी शिंपल्याचे तुकडे वेगळ्या भांड्यात ठेवावेत. खाद्य-पाण्याची भांडी दोन ठिकाणी हवीत, नाहीतर एकच दांडगी कोंबडी सगळ्यांना हुसकावते.

पिल्लं विकत आणलेली असतील तर हा पिंजरा कोंबड्यांजवळ लगेच मांडू नका. आधी किमान तीन आठवडे दूर ठेवा, त्यांच्याकडची भांडी आणि चपलाही वेगळ्या ठेवा, आणि मानमोडीची लस झाली आहे ना ते विक्रेत्याकडून लिहून घ्या. जुन्या कोंबड्या वरून निरोगी दिसत असल्या तरी सर्दी-खोकल्याचे आजार पसरवू शकतात, त्यामुळे दूर ठेवणं दोन्ही बाजूंच्या भल्याचं आहे.

पिंजरा घडीचा असल्याने दर तीन-चार दिवसांनी भिंतीकडेने पुढे सरकवता येतो. हे करायलाच हवं. ओल्या, विष्ठेने माखलेल्या जमिनीवरच रक्ती हगवण बळावते. पावडर कोटिंग मात्र घासलं जाऊन उडतं आणि विष्ठेमुळे सांधे लवकर गंजतात. पावसाळ्याआधी सांध्यांना रेड ऑक्साइडचा हात द्या, पॅनेलखाली विटा सरकवा, आणि विटांमधल्या फटी आतून वेल्डमेशनेच बंद करा.

गावात वेल्डिंगवाला असेल तर त्याच्याकडून अर्ध्या इंची जाळीच्या चौकटी करून घेणं जास्त टिकाऊ पडतं, फक्त त्या जड होतात आणि एकट्याने सरकवता येत नाहीत. वर्षातून एकदाच पिल्लं आणणाऱ्याला घडीचा पुरेसा आहे.