गुंतवणूकदार घरात घ्यायचा की बाजारात उतरायचं?

वरुडच्या संत्रापट्ट्यात माझा एक मित्र जमिनीतला ओलावा मोजून ठिबक चालू-बंद करणारं यंत्र बनवतो. टिनाच्या शेडमध्ये सहा पोरं सोल्डरिंग करत बसलेली असतात. वाढीसाठी पैसा हवाय, आणि वाटा दोन.

खासगी गुंतवणूकदार कंपनी तोट्यात असली तरी उद्याकडे बघून पैसे देतो. पण करार नीट वाचा: संचालक मंडळावर त्याची खुर्ची, मोठ्या निर्णयांत नकाराधिकार, कंपनी विकली तर आधी त्याची वसुली.

शेअर बाजाराचे एसएमई मंच, म्हणजे लहान-मध्यम कंपन्यांचे शेअर विकायची वेगळी जागा, बीएसई आणि एनएसईवर २०१२पासून आहेत. तिथं स्वप्नं नाही, ताळेबंद बघतात. बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीच्या २०२५च्या नियमांप्रमाणे मागच्या तीनपैकी दोन वर्षांत किमान १ कोटीचा परिचालन नफा (व्याज, घसारा, कर वजा करण्याआधीचा) लागतो. मित्राचा गेल्या वर्षीचा नफा १८ लाख! शिवाय प्रवर्तकाचा, म्हणजे कंपनी उभी करणाऱ्या मालकाचा, किमान २० टक्के हिस्सा ३ वर्षं अडकतो, विकता येत नाही; आणि शेअर विकून आलेल्या पैशातून प्रवर्तकानं कंपनीला दिलेलं कर्ज फेडता येत नाही. ह्यानं वहिनींचे दागिने गहाण ठेवून पैसे घातलेत, ते इथून सुटणार नाहीत.

सध्या तरी मी त्याला गुंतवणूकदारच बघ म्हटलं, फक्त वकील आपला ठेव. डोक्यावर साहेब नको म्हणून त्याचा ओढा बाजाराकडे. गावातल्या शेतकऱ्यांनी शेअर घ्यावेत ही त्याची हौस. पण किमान अर्जच २ लाखांच्या वर जातो. कापसाचा चुकारा हातात पडला तरी आधी कृषी केंद्राची उधारी असते.