बेळगावहून गोव्याचं नेव्हल म्युझियम: एका दिवसाच्या ट्रिपचा रिव्ह्यू (हेलिकॉप्टरवाल्यांनी जरूर वाचा)

आधी ट्रिपचं सांगते, ते पटकन उरकतंय. आमच्याकडं बेळगावात हल्ली एक दिवसाच्या गोवा ट्रिपा भरपूर निघायलेत, टेम्पो ट्रॅव्हलर, पहाटे निघायचं रात्री परत, नाष्टा जेवण धरून डोक्याला एवढे एवढे. तसल्याच एका ट्रिपनं गेलो, मी, माझा मुलगा आणि माझे मामा. ट्रिपवाल्याचं नाव लिहीत नाही, गावात सगळे एकमेकांना ओळखतात. गाडी चांगली, ड्रायव्हर तर चोर्ला घाटात एकदम शांत माणूस, जांबोटी सोडल्यावर कणकुंबीपर्यंत नुसतं धुकं होतं तरी कुठं घाई नाही की उगाच हॉर्न नाही. त्याला पैकीच्या पैकी. पण बरोबर जो मॅनेजर म्हणून पोरगा दिलेला त्यानं बोगमाळोच्या म्युझियमला दिला पाऊण तास आणि बीचच्या शॉपिंगला दोन तास! म्हटलं असं कसं ओ, जाहिरातीत तर म्युझियमचाच फोटो टाकलाय तुम्ही. तर म्हणतोय, "ताई, विमानासमोर फोटो काढायला किती वेळ लागतोय?" मग काय, वाद झाला, शेवटी बाकीचे पुढं गेले आणि आम्ही तिघं तिथंच राहिलो, गाडीनं परत येऊन उचललं. तेवढं तरी ऐकलं म्हणायचं.

आता म्युझियम. दाबोळी विमानतळाच्या अंगाला नेव्हीचा आयएनएस हंसा तळ आहे ना, तिथून बोगमाळोच्या रस्त्यावर लागतं. १९९८ मध्ये सुरू झालेलं. गोव्याला शंभर वेळा जाऊन आलेले बेळगावकर पण इथं फिरकत नाहीत, कारण गोवा म्हणजे आपल्याला मासे, बीच आणि येताना डिकीत काय काय लपवून आणायचं एवढंच. मी स्वतः पण मामा नसते तर गेले नसते.

मामा नेव्हीत होते, टेक्निकल साइडला, चेतक हेलिकॉप्टरवर बरीच वर्षं काम केलेलं, आता खानापूरकडं शेती बघतात. बेळगाव म्हटलं की लोकांना मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर आठवतं, फार तर सांबऱ्याचं एअरफोर्सचं ट्रेनिंग स्कूल. डोंगरातल्या गावचा माणूस नेव्हीत म्हटल्यावर त्यांना गावात कायम "काय ओ, पोहायला येतंय काय?" असंच विचारायचे. ते हसून सोडून द्यायचे. त्या दिवशी मात्र गेटातून आत गेले आणि माणूस बदललाच, आमच्या पुढं पुढं चालायलेत.

बाहेरच्या मोकळ्या जागेत विमानं मांडलीत. गर्दी कुठं असते, तर सी हॅरियरपाशी (उभ्या उभ्या खाली उतरणारं जेट, २०१६ मध्ये इथंच हंसावर निवृत्त झालं) आणि त्या अवाढव्य सुपर कॉन्स्टेलेशनपाशी. ते चार पंख्यांचं विमान आधी एअर इंडियाकडं, मग एअरफोर्सकडं आणि शेवटी नेव्हीकडं आलेलं. आहेच ते देखणं, नाही म्हणत नाही. विक्रांत या विमानवाहू जहाजावरनं उडणारी सी हॉक आणि अलिझे पण आहेत, आणि पाण्यावर उतरणारं सीलँड, ज्याच्यापासून १९५३ मध्ये नेव्हीचं उडणं सुरू झालं. फोटो काढा, बोर्ड वाचा, आणि मग माझं ऐका, हेलिकॉप्टरांकडं या, कारण तिकडं कोणी जात नाही आणि या म्युझियमची खरी मजा तिथंच आहे असं माझं स्पष्ट मत झालंय.

सी किंगपासून सुरू करा. फोटोत कळत नाही पण समोर उभं राहिलं की कळतं केवढं मोठं धूड आहे ते, पात्यांचा व्यास जवळजवळ १९ मीटर. निवृत्त हेलिकॉप्टरची पाती शेवग्याच्या शेंगांसारखी खाली लोंबतात, माझ्या मुलाला वाटलं मोडलीत. मोडलेली नसतात, फिरायला लागली की सरळ होतात. मामांनी आम्हाला आधी वाकून पोट बघायला लावलं. खालचा भाग चक्क होडीसारखा! म्हणजे पाण्यावर आरामात उतरायला नाही, इंजिन गेलं आणि समुद्रात बसायची पाळी आली तर लगेच बुडू नये म्हणून. दोन्ही बाजूंना जे फुगीर डबे दिसतात त्यात चाकं आत जातात आणि तरंगायलाही त्यांची मदत होते. शेपूट दुमडतं, पाती पण मागं दुमडतात, कारण जहाजावर जागा कुठं आहे.

आणि ह्या सगळ्या अवताराचं कारण एकच, पाणबुडी. सी किंग नेव्हीत आलं १९७१ मध्ये, कोचीला त्यांची ३३० नंबरची स्क्वाड्रन म्हणजे तुकडी उभी राहिली त्याच वर्षी एप्रिलमध्ये, आणि डिसेंबरच्या युद्धात ९ तारखेला आपली युद्धनौका आयएनएस खुकरी पाकिस्तानच्या पाणबुडीनं बुडवली. मामा म्हणतात पाणबुडी शोधणं म्हणजे ऐकण्याचं काम. हेलिकॉप्टर समुद्राच्या वर थोड्याच उंचीवर एका जागी थांबतं, पोटातनं केबलला बांधलेला सोनार पाण्यात सोडतं, आवाज पाठवतं, परत काय येतंय ते ऐकतं, काही नाही मिळालं की वर ओढून पुढच्या जागी. जहाज असं करू शकत नाही, त्याचा स्वतःचाच गोंगाट केवढा, आणि पाणबुडी जहाजाला टॉर्पेडो मारू शकते पण वर हवेत थांबलेल्याचं काय करणार? हे ऐकताना माझा मुलगा पहिल्यांदा मोबाइल खिशात घालून उभा राहिला, त्यासाठीच मी ट्रिपचे पैसे वसूल झाले असं धरते.

त्यानंतर कामोव्ह, का-२५. माझं सगळ्यात आवडतं, दिसायला सगळ्यात बेढब. रशियन. नाकाखाली रडारचा मोठा फुगा, चार चाकं, आखूड शेपटीवर तीन उभे पंख, आणि डोक्यावर एकावर एक दोन रोटर, प्रत्येकाला तीन पाती, एक ह्या दिशेला फिरणार तर दुसरा उलट्या. साध्या हेलिकॉप्टरचा पंखा एका बाजूला फिरला की खालचं धड उलटं गरगरायला बघतं, म्हणून शेपटीला छोटा पंखा लावतात. इथं दोन उलटे पंखेच एकमेकांचा जोर मारतात, त्यामुळं शेपटीचा पंखा नको आणि लांब शेपूटही नको, अंगाची लांबी जेमतेम पावणेदहा मीटर. एवढं आखूड कशाला, तर १९८० पासून सोव्हिएत रशियातून ज्या राजपूत वर्गाच्या विनाशिका आल्या त्यांच्या मागच्या छोट्या डेकवर हे मावायला पाहिजे होतं. त्यातली पहिली, राजपूत स्वतः, २०२१ मध्ये निवृत्त झाली. बोर्डवर एवढं सगळं कुठं लिहायला जागा असते, म्हणून म्हणतेय थोडं वाचून जा.

चेतकपाशी मामा बराच वेळ काही बोललेच नाहीत, नुसते फिरत होते. मूळ फ्रेंच अलुएत, बंगळूरला एचएएलनं बनवलेलं, म्हणजे तसं आमच्या कर्नाटकातलंच. इंजिन झाकलेलं नाही, केबिनच्या मागं उघडं बसवलेलं, एकच इंजिन. मग मामांनी तिथं बोट दाखवून सांगितलं की विक्रांतवरनं जेट उडताना आणि उतरताना चेतक शेजारी हवेत थांबून असायचं, वैमानिक पाण्यात पडला तर उचलायला. युद्धाच्या गोष्टीत त्याचं नाव कोणी घेत नाही. १९६९ मध्ये त्यांची जी स्क्वाड्रन झाली तिचं नावच एंजल्स. शेजारी ह्यूज ३०० नावाचं पिटुकलं ट्रेनर पण आहे, ते मुलाला खेळण्यातलं वाटलं.

मी विचारलं, मामा, ही उघड्यावर किती वर्षं टिकणार? तर म्हणाले, "अगं, उडत होतं तोवर रोज गोड्या पाण्यानं आंघोळ घालायचो आम्ही. समुद्रावरनं आलं की आधी इंजिन धुवायचं, मग चहा." खारा वारा अॅल्युमिनियमला खातो, मॅग्नेशियमचे भाग असले तर ते आणखी लवकर जातात, दोन वेगळे धातू जिथं एकमेकांना टेकतात, म्हणजे स्टीलचा बोल्ट आणि अॅल्युमिनियमचा पत्रा, तिथून सुरुवात होते, रिव्हेटच्या कडेनं पांढरी पावडर दिसायला लागते. काचा उन्हानं पिवळ्या पडतात. टायर एकाच जागी दबून चिरतात म्हणून शहाणी माणसं खाली टेकू देऊन वजन काढून घेतात. पक्षी एक्झॉस्टमध्ये घरटं करतात म्हणून जाळी. रंगाचंही तसंच आहे. रंग द्यायलाच पाहिजे, पण दर वेळी वरून थर चढत गेला की मूळ बारीक अक्षरं, म्हणजे कुठं पाय ठेवू नये, कुठं तेल किती, ती सगळी बुजून जातात, आणि मामांच्या मते त्या मशीनचा खरा इतिहास तोच. गोव्यासारख्या पावसात आणि समुद्राला एवढं लागून ही यंत्रं उभी ठेवायची म्हणजे न संपणारं काम आहे, माझं म्हणणं एवढंच की निदान हेलिकॉप्टरांवर तरी छप्पर यावं, विमानांपेक्षा त्यांना जागा कमी लागते.

कारण जहाजांचं काय झालं आठवा. जुनी विक्रांत १९९७ मध्ये निवृत्त झाली, मुंबईत म्युझियम करून ठेवली होती, आमच्याकडचे कित्येक जण शाळेच्या सहलीत बघून आलेत, २०१४ मध्ये तोडायला घेतली. दुसरं विमानवाहू जहाज विराट २०१७ मध्ये निवृत्त, अलंगला भंगारात. एवढं मोठं जहाज सांभाळायचा खर्च कोणाला परवडत नाही, बरोबर आहे. हेलिकॉप्टर मात्र एका अंगणात मावतं. तीच विराट आधी ब्रिटिशांची हर्मिस होती, १९८२ च्या फॉकलंड युद्धातली मुख्य बोट. ती गेली, पण त्याच युद्धात साउथ जॉर्जियाला ज्या वेसेक्स हेलिकॉप्टरनं हिमनदीवर अडकलेले कमांडो उचलून आणले आणि तीनच दिवसांत अर्जेंटिनाच्या सांता फे पाणबुडीवर डेप्थ चार्ज, म्हणजे पाण्याखाली फुटणारे बाँब, टाकले, ते अजून इंग्लंडमध्ये येओव्हिल्टनच्या म्युझियममध्ये आहे, प्रेमानं हंफ्री म्हणतात त्याला. आपल्याकडं पण विशाखापट्टणमला यूएच-३एच, म्हणजे जलाश्व जहाजाबरोबर अमेरिकेकडनं आलेली सी किंगची भावंडं, जून २०२४ मध्ये निवृत्त झाली तेव्हा त्यातलं एक तिथं लोकांना बघायला ठेवायचं ठरलं. पाणबुड्या शोधणारी नवीन एमएच-६०आर हेलिकॉप्टरं तर मार्च २०२४ पासून कोचीला आलीच आहेत. म्हणजे पुढच्या काही वर्षांत जुनी सी किंग आणखी रिकामी होणार, एखादं बेळगावला द्या की राव! किल्ल्याजवळ ठेवा, कॅम्पात ठेवा, समुद्र नाही म्हणजे खारा वारा पण नाही, टिकेल चांगलं.

आतल्या हॉलमध्ये जहाजांची मॉडेल, इंजिनं, टॉर्पेडो, बाँब, जुने फोटो आहेत. विक्रांत-विराटचा भाग चांगला आहे, बाकी मुलं पळत सुटतात.

मार्क: म्युझियमला पाचपैकी साडेचार, अर्धा छपरासाठी कापला. ट्रिपवाल्याला दोन, ते दोन्ही ड्रायव्हरचे. त्यापेक्षा स्वतःची गाडी घेऊन जा, सोमवारी बंद असतं ते लक्षात ठेवा, सकाळी उघडताच आत शिरा कारण दुपारी तिथं ऊन सोसवत नाही, टोपी आणि पाणी घ्या, आणि दोन-अडीच तास हातात ठेवा. कुटुंबातले कोणी रिटायर्ड नेव्हीवाले असतील तर त्यांना पुढच्या सीटवर बसवून न्या, पेट्रोलचे पैसे मात्र घेऊ नका त्यांच्याकडनं, गाइडची फी म्हणून सोडून द्या.