डेन्मार्क की दक्षिण आफ्रिका? बाहेरून आलेल्यांचं पोट कुठे कसं चालतं ते बघून ठरवा

माझ्या मावसभावाला एकाच आठवड्यात दोन ऑफर आल्या, एक कोपनहेगनची, एक जोहान्सबर्गची. त्याने दोन्ही पगार रुपयांत करून मला व्हॉट्सअ‍ॅपला टाकले आणि विचारलं, दादा सांग कुठे जाऊ. मी म्हटलं, पगाराचा आकडा बाजूला ठेव, आधी हे बघ की तिथे बाहेरून जाऊन राहिलेले लोक कसे कमावतात, काम गेलं तर काय करतात, घरी पैसे पाठवताना किती कापले जातात, कारण विमानातून उतरलास की तू पण त्यांच्यातलाच एक, तुझी डिग्री आणि कंपनीचं कार्ड रस्त्यावर कुणाला दिसत नाही. मग त्याच्यासाठी वाचून, विचारून जे गोळा केलं ते इथे टाकतोय, अजून कुणी अशाच पेचात असेल तर उपयोगी पडेल.

आधी कोण आलंय आणि कशासाठी आलंय ते. डेन्मार्कची लोकसंख्या साधारण ६० लाख, म्हणजे पुणे आणि आसपासचा भाग धरला तर त्याच्यापेक्षाही कमी, आणि त्यात बाहेरून आलेले आणि त्यांची तिथेच जन्मलेली मुलं धरून सहातला एकजण येतो. १९६० च्या दशकाच्या शेवटी तुर्कस्तान, युगोस्लाव्हिया आणि पाकिस्तानातून कारखान्यांत कामाला माणसं आली, १९७३ च्या नोव्हेंबरात सरकारने कामगार घेणं बंद केलं, मग पुढे आले ते बहुतेक बायका-मुलं आणि निर्वासित: इराण, इराक, लेबनॉनमधले पॅलेस्टिनी, बोस्निया, सोमालिया, सीरिया, आणि २०२२ नंतर युक्रेन. मधे २००४ ला युरोपियन युनियन वाढलं आणि पोलंडचे, मग रोमानियाचे कामगार मोठ्या संख्येने आले. आपले भारतीय यात तसे अलीकडचे, बहुतेक आयटी, फार्मा, शिपिंग, इंजिनिअरिंगवाले.

दक्षिण आफ्रिकेचं चित्र वेगळंय. २०२२ च्या जनगणनेत लोकसंख्या ६ कोटी २० लाख आणि परदेशात जन्मलेले २४ लाखांच्या आसपास, त्यातले निम्म्याच्या जवळ एकट्या झिंबाब्वेचे, मग मोझांबिक, मग लेसोथो. सोन्याच्या खाणींसाठी मोझांबिक, लेसोथो, मलावीहून पुरुष आणायची पद्धत शंभर वर्षांपेक्षा जुनी, करारावर यायचं, बॅरेकमधे राहायचं, करार संपला की परत. आणि आपलाही धागा आहे तिथे, फक्त १८६० पासून डरबनला नेलेल्या गिरमिटियांचाच (करारावर नेलेल्या मजुरांचा) नाही, रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून स्वतःचं तिकीट काढून केपटाउनला गेले, छोटी दुकानं टाकली, बायका-मुलं बरीच वर्षं गावीच राहिली. केपटाउनमधे आजही कोकणी म्हणून ओळखला जाणारा समाज आहे. म्हणजे दुकान टाकून जगायचं हा तिथला जुना रस्ता आहे, आणि आजचे सोमाली, इथिओपियन, बांगलादेशी त्याच रस्त्याने चाललेत.

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट. डेन्मार्कमधे बाहेरून आलेल्या माणसाच्या हाताला काम असण्याची शक्यता डॅनिश माणसापेक्षा कमी असते, विशेषतः निर्वासित म्हणून आलेल्या बायकांची (फरक गेल्या काही वर्षांत कमी झालाय पण आहे). दक्षिण आफ्रिकेत बरोबर उलटं, बाहेरून आलेला माणूस कामावर असण्याची शक्यता स्थानिकापेक्षा जास्त. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं माझीच वाचण्यात चूक झाली, कारण ज्या देशात बेकारी ३० टक्क्यांच्या वर आहे तिथे परक्याला काम कसं मिळतं?

मिळतं कारण तिथे परक्याला बसून राहणं परवडतच नाही. सरकारी आधार जवळपास नाही, घरच्यांना पैसे पाठवायचेत, म्हणून जे मिळेल ते काम घ्यायचं: घरकाम, शेतावर, बांधकामावर, रस्त्यावर विक्री, मोटरसायकलवर डिलिव्हरी. डेन्मार्कमधे बिनकौशल्याची कामं मुळातच कमी, जी आहेत त्यांनाही पगार चांगला म्हणून मालक डॅनिश येणारा माणूस मागतो, आणि बाहेरच्या डिग्रीला तिथे लगेच किंमत मिळत नाही. म्हणजे डेन्मार्कमधे आत शिरणं कठीण, पण एकदा शिरलात की पायाखाली जमीन आहे, आणि आफ्रिकेत उद्या सकाळी काम मिळेल पण त्या कामात काही धरून ठेवायला नाही.

पगाराचंच बघा. डेन्मार्कमधे किमान वेतनाचा कायदाच नाही, हे खूप जणांना खरं वाटत नाही. युनियन आणि मालकांच्या संघटना बसून करार करतात आणि त्यात ठरतं. तरीही करारात बसणाऱ्या माणसाला, सफाईचं काम असलं तरी, तासाला साधारण १३०-१४० क्रोनरच्या खाली सहसा मिळत नाही, म्हणजे आपले दीड हजार रुपयांच्या वर, शिवाय आठवड्याला ३७ तास आणि वर्षाला पाच आठवडे सुट्टी. दक्षिण आफ्रिकेत कायदा आहे, २०१९ पासून, तासाला २० रँडने सुरुवात झाली आणि मार्च २०२५ ला तो २८.७९ रँड झाला होता, म्हणजे साधारण १४० रुपये. आणि हा कायद्यातला आकडा, कागद नसलेल्या झिंबाब्वेच्या बाईला घरकामाला ठेवणारा तेवढे देईलच असं नाही, ती तक्रार कुठे करणार, तिलाच पकडतील.

पण डेन्मार्कमधे सगळं आलबेल असतं असं समजू नका. २०१८ मधे जर्मनीच्या सीमेजवळ पॅडबोर्गला फिलिपिनो ट्रक ड्रायव्हर अगदी वाईट अवस्थेत कंटेनरसारख्या खोल्यांत राहताना सापडले होते, युनियनने ते बाहेर काढलं म्हणून कळलं. कराराच्या बाहेर असलात की तिथेही तुमचं कुणी नाही. त्यामुळे मी भावाला पहिला प्रश्न हाच दिला, ऑफरमधे कुठला सामूहिक करार लागू आहे ते लेखी विचार.

मदतीचंही तसंच. डेन्मार्कमधे निर्वासितांना मिळणारी मदत २००२ मधे खूप कमी केली, म्हणजे ते लवकर कामाला लागतील. पुढे संशोधकांनी तपासलं तेव्हा दिसलं की सुरुवातीला पुरुष कामाला लागले पण काही वर्षांत तो परिणाम विरला, बायका तर कामाच्या बाजारातूनच बाहेर पडल्या आणि दुकानातून खाण्याच्या वस्तू चोरण्याचे प्रकार वाढले. ती योजना २०१२ ला बंद झाली आणि २०१५ मधे तशीच दुसरी आली. मला हे वाचून वाईट वाटलं, कारण माणूस काम करत नाही म्हणजे त्याला करायचं नाही असं धरूनच नियम केलेत. आणि २०१८ च्या कायद्याने ज्या वस्त्यांमधे ‘बिगर-पाश्चिमात्य’ देशांतले लोक जास्त आहेत अशा काही वस्त्यांत २०३० पर्यंत कुटुंबांसाठीच्या सार्वजनिक भाड्याच्या घरांचं प्रमाण ४० टक्क्यांपर्यंत खाली आणायचं ठरलं, कोपनहेगनचं म्योल्नरपार्कन, आर्हुसचं गेलेरुप अशा ठिकाणी लोकांना घरं सोडावी लागली. चांगल्या पगारावर येणाऱ्या इंजिनिअरला याची थेट झळ नाही, पण त्या देशात परक्याकडे कसं बघतात ते यातून कळतं.

तुम्ही स्किल्ड म्हणून गेलात तर नोकरी गेल्यावर सरकारी सामाजिक मदत घेता येत नाही, परमिटच धोक्यात येतं. त्यासाठी ए-कासे म्हणजे बेकारी विमा असतो, स्वतः पैसे भरून सभासद व्हायचं आणि वर्षभर झाल्यावर, कमाईची अट बसली तर भत्ता मिळतो. पोचल्या पोचल्या भरायला लागा, पुढे ढकलू नका.

धंदा करायचा असेल तर मात्र दक्षिण आफ्रिकेचा विषय मोठा आहे आणि तो नीट समजून घ्यायला पाहिजे. टाउनशिपमधलं, म्हणजे काळ्या लोकांच्या शहराबाहेरच्या वस्तीतलं, छोटं किराणा दुकान, त्याला तिथे स्पाझा म्हणतात. वर्णभेदाच्या काळात काळ्या वस्तीत दुकानं काढू देत नव्हते तेव्हा घराच्या खिडकीतून विक्री सुरू झाली. २००० नंतर सोमाली आले, मग इथिओपियन, बांगलादेशी, पाकिस्तानी, आणि त्यांनी हा धंदा बदलून टाकला: चार-पाच दुकानदार मिळून घाऊक माल उचलायचे, एकच गाडी सगळ्यांची, मार्जिन अगदी कमी, पहाटेपासून रात्रीपर्यंत उघडं, मालक दुकानातच झोपायचा, ब्रेड अर्धा तोडून आणि साखर कपाने विकायची. आपल्याकडे वाण्याने जे केलं तेच. गिऱ्हाईकाला स्वस्त मिळालं, जागेच्या स्थानिक मालकाला भाडं मिळालं, पण आधीचा स्थानिक दुकानदार बसला. जागतिक बँकेच्या २०१८ च्या अभ्यासात १९९६ ते २०११ च्या काळासाठी अंदाज निघाला की बाहेरून आलेल्या एका कामगारामागे स्थानिकांसाठी साधारण दोन नोकऱ्या तयार होतात. पण ज्याचं दुकान बंद पडलं त्याला हा आकडा दाखवून काय उपयोग.

मे २००८ मधे जोहान्सबर्गच्या अलेक्झांड्रातून दंगल सुरू झाली आणि देशभर ६२ माणसं मारली गेली, त्यातले २१ तर दक्षिण आफ्रिकेचेच नागरिक होते, परके समजून मारले. २०१५ ला डरबन, २०१९ ला पुन्हा जोहान्सबर्ग. दर वेळी दुकानं आधी लुटली. २०२४ मधे जोहान्सबर्गच्या सोवेटोत विषबाधेने मुलं गेली आणि संशय स्पाझातून घेतलेल्या खाऊवर आला तेव्हा राष्ट्राध्यक्ष रामफोसा यांनी सगळ्या स्पाझांना २१ दिवसांत नोंदणी करायला सांगितलं, मुदत पुढे फेब्रुवारी २०२५ पर्यंत वाढवली, आणि परक्या दुकानदारांची कितीतरी दुकानं त्या काळात लोकांनीच बंद पाडली. रीतसर बिझनेस व्हिसावर जायचं म्हटलं तर ५० लाख रँड भांडवल दाखवावं लागतं आणि ६० टक्के कामगार स्थानिक लागतात. म्हणजे कायद्याने जायला कोट्यधीश पाहिजे आणि कायद्याबाहेर राहिलात तर दुकानात किती माल आहे ते सगळ्या गल्लीला माहीत.

डेन्मार्कमधेही तुर्की आणि पाकिस्तानी कुटुंबांनी किऑस्क, भाजीची दुकानं, पिझ्झा, टॅक्सी हेच धरलं, कोपनहेगनच्या नॉरेब्रो भागात फिरलात तर दिसेलच. रविवारी मोठी दुकानं बंद ठेवायचा कायदा होता तोवर छोट्या किऑस्कना त्यात जागा होती, २०१२ ला तो नियम जवळपास काढून टाकला आणि त्यांचं तेवढं अंगण पण गेलं. पण तिथे दुकान चाललं नाही तर माणूस कर्जात जातो, जिवाला धोका नसतो. हा फरक छोटा नाही.

आता भावासारख्या पगारदारासाठीचं पटकन. डेन्मार्कमधे टॅक्स जबरदस्त आहे, पण वरच्या पगाराच्या परदेशी लोकांसाठी सात वर्षं सवलतीचा दर आहे, आधी ८ टक्के श्रमबाजार कर आणि उरलेल्यावर २७ टक्के, असं धरून एकूण ३२.८४ टक्के. २०२४ मधे त्यासाठी महिना ७५,१०० क्रोनर पगार लागायचा, मर्यादा बदलत राहते, आताची बघून घ्या, कारण ऑफर त्याच्या थोडी खाली असेल तर घासाघीस करण्यासारखी गोष्ट हीच. डॉक्टर आणि शाळा टॅक्समधेच, पाळणाघराच्या खर्चातला जास्तीत जास्त चौथा हिस्सा आईबापांनी द्यायचा. भाड्याचं घर मात्र सुरुवातीला रडवतं, तीन महिन्यांचं डिपॉझिट आणि तीन महिन्यांचं आगाऊ भाडं असं दोन्ही मागू शकतात.

दक्षिण आफ्रिकेत टॅक्स १८ ते ४५ टक्क्यांच्या टप्प्यांत, घर मोठं आणि कोपनहेगनच्या मानाने स्वस्त, हवा सुंदर, घरकामाला माणूस मिळतो. पण खाजगी मेडिकल विमा स्वतःचा (तिथल्या साधारण सहातल्या एकाकडेच तो असतो), चांगल्या शाळेची फी, सिक्युरिटीवाल्या कॉलनीचं भाडं आणि गाडी हे सगळं पगारातून जातं. अलीकडच्या वर्षांत तिथे वर्षाला २५ हजारांच्या आसपास किंवा त्याहून जास्त खून होतात, हे लिहिताना मला घाबरवायचं नाहीये पण लहान मूल घेऊन जाणाऱ्याला हे माहीत पाहिजे. तासन्‌तास वीज जायचं संकट २०२४ पासून बरंच निवळलंय. आणि भारतीय म्हणून काळ्या समाजासाठीच्या आरक्षणात आपण बसू असा एक गैरसमज आहे, ते १९९४ च्या आधीपासूनच्या तिथल्या नागरिकांसाठी आणि त्यांच्या वंशजांसाठी आहे, नव्याने गेलेल्यांसाठी नाही.

घरी पैसे पाठवणाऱ्याने चलन बघावं. २०११ च्या सुरुवातीला एका रँडचे साडेसहा रुपये यायचे, आता पाचच्या आसपास. क्रोनरचे तेव्हा आठ यायचे, आता १२ च्या वर. शिवाय मोठ्या देशांपैकी पैसे बाहेर पाठवणं सगळ्यात महाग असलेल्यांत दक्षिण आफ्रिका वरच्या नंबरवर, म्हणून झिंबाब्वेचे लोक बँकेऐवजी ओमालायिशा म्हणजे सीमेपलीकडे गाडी नेणाऱ्या ओळखीच्या ड्रायव्हरकडे नोटा आणि तेल-पिठाची पोती देतात.

कायमचं राहायचं असेल तर दक्षिण आफ्रिकेत कामाच्या व्हिसावर पाच वर्षांनी अर्ज करता येतो, डेन्मार्कमधे आठ, जास्तीच्या अटी पूर्ण केल्या तर चार. पण एक लाख ७८ हजारांच्या आसपास झिंबाब्वेवाले २००९ पासून विशेष परमिटवर आहेत आणि त्यांची मुदत दर वेळी थोड्या काळापुरती वाढवली जाते, इतकी वर्षं टॅक्स भरून, मुलं तिथल्या शाळेत घालूनही पुढच्या वर्षी कुठे असू ते त्यांना माहीत नाही. हा भाग मला सगळ्यात जास्त लागला.

माझं मत विचाराल तर एकटा माणूस, खाणकाम किंवा फायनान्समधलं खास कौशल्य, कंपनी घर-गाडी-विमा देतेय आणि तीन-चार वर्षांचाच विचार असेल तर जोहान्सबर्गला जरूर जावं, तिथे लवकर मोठं पद मिळू शकतं आणि लोक बोलायला मोकळे. बायको-मुलं बरोबर असतील तर मी कोपनहेगन म्हणेन, पगार हातात कमी वाटला तरी. आणि यात एक मुद्दा असा आहे जो कुणी ऑफर लेटरमधे लिहीत नाही. डेन्मार्कमधे कामाच्या परमिटवर आलेल्याच्या जोडीदाराला पहिल्या दिवसापासून काम करता येतं, दक्षिण आफ्रिकेत जोडीदाराला वेगळा वर्क व्हिसा काढावा लागतो, नाहीतर घरी बसा. माझी वहिनी दहा वर्षं अकाउंट्समधे आहे, भावाने पगाराचं जे गणित मला पाठवलं होतं त्यात तिचा पगार दोन्हीकडे शून्य धरला होता. मी ते त्याला दाखवलं, त्याने फोन तिच्याकडे दिला. ती आता रोज संध्याकाळी एक तास डॅनिश शिकतेय, कारण अकाउंट्सच्या कामाला तिथे भाषा लागणारच.