निबंध छापून आला, 29,330 रुपये गेले

मी सोलापुरातील एका महाविद्यालयात गणित शिकवते. पदोन्नतीच्या फाइलसाठी एक शोधनिबंध कमी पडत होता आणि नेमक्या त्याच सुमारास एका जुन्या युरोपीय नियतकालिकाच्या नावाने लेख पाठवण्याचे निमंत्रण आले. पुढचे बहुतेकांच्या लक्षात आलेच असेल. संकेतस्थळ बनावट होते. नाव, मुखपृष्ठ आणि आयएसएसएन (नियतकालिकाची ओळख पटवणारा) क्रमांक मात्र खऱ्या नियतकालिकाचे होते, त्यामुळे कुठेही पडताळले तरी सगळे जुळत होते.

प्रकाशन शुल्क 18,500 रुपये, त्यावर 18 टक्के जीएसटीचे 3,330 आणि निबंध छापल्यावर ‘इंडेक्सिंग’साठी (शोधसूच्यांत नोंद करण्यासाठी) आणखी 7,500, असे एकूण 29,330 रुपये मी भरले. जीएसटी घेतला, पण पावतीवर जीएसटी क्रमांकच नव्हता. रक्कम कोणा व्यक्तीच्या बचत खात्यात जमा होत असेल, तर तिथेच हात आवरा.

तरीही मला सर्वांत जास्त सलतो तो परीक्षकांचा अभिप्राय. माझा निबंध पोलिश गणितज्ञ बानाखच्या 1922 मधील स्थिरबिंदू प्रमेयाच्या एका विस्तारावर होता. गणितात सिद्धता ओळीओळीने तपासावी लागते, म्हणून अभिप्रायाला महिनोन्महिने, कधी वर्षही लागते. येथे तो चौथ्या दिवशी आला आणि त्यात लिहिले होते, ‘नमुन्याचा आकार व प्रश्नावलीची विश्वासार्हता स्पष्ट करावी.’ प्रमेयाच्या सिद्धतेत कसली आली प्रश्नावली? स्टाफरूममध्ये ते वाचून मी हसले, आणि दुसऱ्या कोणाचा अहवाल चुकून चिकटला असेल असे मानून पुढे गेले. दुसऱ्या परीक्षकाने सात निबंधांचे संदर्भ जोडायला सांगितले होते, त्यांतला एक चक्क भूजलावरचा होता. मी तेही जोडले. कोणाचा तरी एच-इंडेक्स (मिळालेल्या संदर्भांवरून ठरणारा संशोधकाचा निर्देशांक) माझ्या पैशांनी वाढवला जात होता, हे नंतर उमगले.

याला कोणी भाबडेपणा म्हणेल. पण रसायनशास्त्रातल्या सहकाऱ्याची शेकडो सायटेशन्स (इतरांच्या निबंधांत मिळालेले संदर्भ) आणि माझी अकरा एकाच तक्त्यात मांडली जातात, तेव्हा गणितात संदर्भ मुळातच कमी आणि उशिरा मिळतात हे ऐकायला समितीत कोणीही तयार नसते. संशोधनाची आकडेवारी ठेवणाऱ्या क्लॅरिव्हेट कंपनीने 2023 मध्ये ‘हायली साइटेड रिसर्चर्स’च्या (सर्वाधिक संदर्भ मिळणाऱ्या संशोधकांच्या) यादीतून गणित हा विषयच वगळला, कारण या क्षेत्रात सायटेशन्स फुगवण्याचे प्रकार बोकाळले होते. जिथे जागतिक यादीचा टिकाव लागला नाही, तिथे माझ्यासारखीने केवळ आयएसएसएनवरून काय ओळखायचे? सोलापूरबाहेर ‘सोलापुरी’ म्हणून विकली जाणारी चादर मी बोटांनी ओळखते. इथे हात लावायला काही नव्हतेच.

पोलीस ठाण्यात विचारले गेले, “मॅडम, पेपर छापून मिळाला ना? मग फसवणूक कसली?” तिथून सायबर शाखेकडे पाठवले; शाखेने ग्राहक तक्रार करा म्हटले; बँकेने ‘व्यवहार आपण स्वतःच केला आहे’ असे लेखी कळवले. महाविद्यालयाच्या संशोधन समितीचे उत्तर तर कळस होते. फेब्रुवारी 2025 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्य नियतकालिकांची यूजीसी-केअर यादी बंद झाल्यापासून नियतकालिके पारखण्याची जबाबदारी संस्थांवर आली आहे, आणि समितीने ती जबाबदारी सरळ माझ्यावर टाकली: “तुम्हीच तपासायला हवे होते.” ज्या समितीने हाच निबंध आधी गुणांसाठी ग्राह्य धरला, तिने हे म्हणावे!

निबंध मागे घ्यायचा तर बनावट मंडळी आणखी 9,000 रुपये मागत आहेत. ते मी देणार नाही. खऱ्या नियतकालिकाने दोन ओळींत कळवले की त्या संकेतस्थळाशी आपला संबंध नाही. छापून झालेला निबंध आता दुसरीकडे देता येत नाही, म्हणजे दोन वर्षांचे कामही बुडाले.

नियतकालिकाचा पत्ता ईमेलमधून उघडू नका, झेडबीमॅथ ओपन या गणितातील निबंधांच्या सूचीवरील नोंदीतून किंवा प्रकाशकाच्या मुख्य संकेतस्थळावरून जा. मागे घेतलेल्या निबंधांवर लक्ष ठेवणाऱ्या रिट्रॅक्शन वॉचची अपहृत (म्हणजे बनावट संकेतस्थळांनी नाव पळवलेल्या) नियतकालिकांची यादी मोफत पाहता येते. जुन्या अंकांतल्या दोन लेखकांना थेट लिहून विचारा. पैसे गेलेच तर सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर लगेच फोन करा. मी आधी बँकेत गेले आणि तो वेळ वाया गेला. आणि त्या संकेतस्थळाच्या संपादक मंडळात सोलापूरच्या एका गणित प्राध्यापिकेचे नाव दिसले, तर ते माझे आहे. ते मला न विचारता घातलेले आहे आणि काढण्यासाठी पाठवलेल्या एकाही ईमेलला उत्तर आलेले नाही.