मांजरीच्या वंशावळीपायी गेलेले ७,९४० रुपये

आमची चिंगी तीन वर्षांपूर्वी ऐन पावसाळ्यात सोसायटीच्या पार्किंगमध्ये सापडली. राखाडी पट्टे, कपाळावर इंग्रजी ‘एम’सारखी खूण आणि झुपकेदार शेपूट पाहून येणारा-जाणारा ‘ही रशियन ब्ल्यू’, ‘छे, मेन कून’ असे छातीठोकपणे सांगत असे. ते ऐकून आम्ही सुखावत होतो, हे लिहिताना आज लाज वाटते. माणसाची जात विचारू नये म्हणणारे आम्ही, मांजरीची विचारायला पैसे मोजून बसलो.

‘लाळेच्या नमुन्यावरून डीएनए वंशावळ’ अशी जाहिरात होती. तपासणीचे ३,८०० रुपये आणि ‘तातडीचे’ १,६५० मी यूपीआयने भरले, गालाच्या आतून कापसाच्या काडीने नमुना घेतला आणि ९० रुपये देऊन सोमवारी कुरिअर केला. गुरुवारी संध्याकाळी अहवाल आला : ४५ टक्के रशियन ब्ल्यू, ३० टक्के मेन कून, २५ टक्के सयामी. त्याच मोबाइलवर, त्याच वेळी, माझे पाकीट अजून भिवंडीच्या डेपोतच पडल्याचे दिसत होते. चौतीस वर्षे बँकेत व्हाउचर ताडून पाहण्यात घालवलेल्या मला हे दिसले, मी विचारलेही. ‘फोटोवरून आधीच विश्लेषण होते’ एवढ्या उत्तरावर गप्प बसलो, आणि वर नोंदणी प्रमाणपत्राचे २,४०० भरले. पहिल्या पैशांचे एवढे दुःख नाही. हे शेवटचे २,४०० मात्र झोपू देत नाहीत.

प्रमाणपत्र पाहून पशुवैद्य हसले. कपाळावरची ती खूण कोणत्याही पट्टेदार मांजरीला असते आणि रशियन ब्ल्यू पट्टेदार नसतेच. राखाडी छटा हा काळा रंग फिका करणाऱ्या जनुकाचा परिणाम असून तो गल्लीतल्या मांजरांतही आढळतो. मांजरांच्या बहुतेक जाती १८७१ च्या लंडनमधील प्रदर्शनानंतर माणसांनी निवडून घडवल्या, म्हणजे साधी मांजर त्या जातींतून आलेली नसून जातीच साध्या मांजरांतून निघाल्या आहेत. फोटोवरून टक्केवारी सांगणाऱ्यास एक रुपयाही देऊ नका. चार दिवसांनी पाकीट ‘पत्ता अपूर्ण’ शेऱ्यासह परत आले.

पोलीस चौकीत ‘मांजर तर तुमच्याकडेच आहे ना, मग चोरीला काय गेले?’ असा प्रश्न आला. तिथून सायबर कक्षात, कक्षातून बँकेत, आणि बँकेत माझ्याच जुन्या व्यवसायातील एका तरुणाने ‘पिन तुम्हीच टाकला आहे’ असे मला समजावले. सायबर फसवणुकीचा १९३० क्रमांक लगेच, शक्यतो पहिल्या तासातच फिरवा. मी अकरा दिवस लाजेखातर थांबलो. पक्के बिल मागा. माझ्याकडे ते नाही, म्हणून ग्राहक तक्रारही लंगडी पडली. चौकीने अखेर लेखी अर्ज घेतला, पण त्यात आरोपीचा पत्ता सक्तीचा होता. कुरिअरवाल्याला जो सापडला नाही, तोच मी भरून दिला आहे.